रस्त्याकडेची संहिता : अमेरिकेतील ऐतिहासिक फलकांची भाषा आणि तिचे मौन

प्रास्ताविक

अमेरिकेतील महामार्गांवरून प्रवास करताना रस्त्याच्या कडेला, एका खांबावर उभारलेला, ओतीव धातूचा आणि उठावाच्या अक्षरांचा फलक वारंवार दृष्टीस पडतो. येथे अमुक साली अमुक लढाई झाली, येथे अमुक सेनापतीचा मुक्काम होता, येथून काही अंतरावर पहिले गिरजाघर उभे राहिले, अशा स्वरूपाचा त्यावरील मजकूर असतो. २००६ पासून हौशी अभ्यासकांनी या फलकांची जी सार्वजनिक नोंदसूची तयार केली आहे, तिच्यातील १,८०,००० हून अधिक नोंदींचा अभ्यास नॅशनल पब्लिक रेडिओ या संस्थेने २०२४ मध्ये केला. मळ्यांचा उल्लेख असणाऱ्या फलकांपैकी सुमारे ७० टक्के फलकांवर गुलामगिरीचा उल्लेख नाही, असे त्यातून पुढे आले. ही टक्केवारी समाजशास्त्रज्ञाला आणि इतिहासकाराला महत्त्वाची वाटेलच. परंतु भाषेच्या अभ्यासकापुढे ती वेगळा प्रश्न उभा करते. एखादा मजकूर खोटे न बोलताही मौन कसे पाळतो? त्यासाठी तो कोणते क्रियापद, कोणता कर्ता, कोणता क्रम निवडतो? प्रस्तुत लेखात या फलकांचा विचार इतिहासाचे साधन म्हणून केलेला नसून संहिता म्हणून केला आहे.

जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लाइज अक्रॉस अमेरिका’ या ग्रंथात अशा अनेक स्थळांची झाडाझडती घेतली आहे. त्याचा भर मुख्यतः वस्तुस्थितीवर आहे: फलक काय सांगतो आणि खरे काय घडले. ही तपासणी आवश्यकच होती. मात्र तिच्या पलीकडे एक पायरी उरते. ज्या फलकावरील प्रत्येक शब्द वस्तुस्थितीला धरून आहे, तो फलकही दिशाभूल करू शकतो, आणि अशा फलकाचे वाचन अधिक कठीण असते.

फलकाची घडण

या लेखनप्रकाराचा उदय मोटारीशी निगडित आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ऐतिहासिक आयोगाने १९१४ पासून दगडांवर कांस्यपट्ट बसविण्यास आरंभ केला होता. परंतु ते पट्ट वाचण्यासाठी खाली उतरून जवळ जावे लागे. व्हर्जिनिया राज्याने १९२७ मध्ये रिचमंड ते माउंट व्हर्नन या भागात पहिल्या क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गालगत फलक उभारले, तेव्हा त्यांचा वाचक बदलला होता. तो आता गाडीत बसलेला होता. त्या वेळी राज्याच्या गव्हर्नरपदी असलेले हॅरी बर्ड आणि संवर्धन व विकास आयोगाचे अध्यक्ष विल्यम कार्सन यांच्या दृष्टीने इतिहास हा प्रवाशाला राज्यात खेचून आणणारा ऐवज होता. न्यूयॉर्क राज्याने १९२६ मध्ये, अमेरिकन क्रांतीच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने, शिक्षण खात्यामार्फत असाच उपक्रम हाती घेतला. नॉर्थ कॅरोलायनाचा उपक्रम १९३५ चा आहे. टेक्ससने १९३६ मध्ये आपल्या शताब्दीच्या निमित्ताने शेकडो शिळा व फलक बसविले. आज त्या राज्यात १६,००० हून अधिक फलक आहेत. १९२७ मध्येच ओहायोतील मारिएटा येथे सुरू झालेला सेवा स्टुडिओज हा ओतकामाचा कारखाना आजही अनेक राज्यांसाठी हे फलक ओततो. निरनिराळ्या राज्यांचे इतिहास एकाच गावच्या साच्यातून बाहेर पडतात, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. आकार, मथळा, राज्यचिन्ह आणि मोठी ठसठशीत अक्षरे यांत विलक्षण सारखेपणा असल्याने कोणताही फलक वाचणाऱ्याला एकाच अधिकारवाणीचा प्रत्यय येतो.

या अधिकारवाणीची काही लक्षणे सहज ध्यानात येतात. फलकाला निवेदक नसतो. म्हणजे तो असतो, परंतु दिसत नाही. मजकूर ‘असे घडले’ या स्वरात बोलतो, ‘असे म्हणतात’ किंवा ‘असे दिसते’ या स्वरात नाही. शंकेला, मतभेदाला, पुराव्याच्या उल्लेखाला त्यात जागा नसते. कर्मणी प्रयोगाचा सढळ वापर असतो. ‘पहिला’ या विशेषणावर विशेष लोभ असतो: पहिली गोरी वसाहत, पहिले गोरे मूल, पहिली गिरणी. ‘जॉर्ज वॉशिंग्टन येथे झोपले होते’ या धाटणीच्या मजकुरांची तर अमेरिकेत थट्टाच होत आली आहे. परंतु थट्टेचा विषय झालेला फलकही आपल्या जागी उभाच राहतो. त्याला थट्टा ऐकू येत नाही.

आणखी एक लक्षण महत्त्वाचे आहे. फलकाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, तो कोणी आणि केव्हा उभारला याची ओळ बहुधा असते. टेक्ससच्या अनेक फलकांवर तर हा फलक टेक्सस राज्याची मालमत्ता आहे असेही लिहिलेले असते. गाडीतून जाणाऱ्याला मथळा वाचता येतो. तळाची ओळ त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. वास्तविक संपूर्ण मजकुराचा अर्थ लावण्याची किल्ली त्या ओळीत असते. १८७३ मधील घटनेविषयी १९५० मध्ये कोणीतरी बोलत आहे, हे कळल्याशिवाय त्या बोलण्याचा रोख कळत नाही.

गाडीतील हा वाचक कोण, हेही पाहावे लागते. १९३६ मध्ये व्हिक्टर ग्रीन यांनी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावात मुक्काम मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोणता पेट्रोलपंप आपल्याला नकार देणार नाही, हे तीत दिलेले असे. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती तीस वर्षे निघत राहिली. त्याच काळात त्याच रस्त्यांच्या कडेला राज्यसरकारांचे फलक उभे राहत होते. दोन्ही संहिता प्रवाशासाठीच होत्या. परंतु ज्याला कोठे थांबता येईल याचीच भ्रांत होती, तो थांबून इतिहास वाचील हे फलकाने गृहीत धरलेले नव्हते. फलकाचा अभिप्रेत वाचक गोरा होता आणि निर्धास्त होता.

कोलफॅक्स : दोन वाक्यांचा फलक

लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स येथे १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, घडलेला प्रसंग यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना कालखंडातील अत्यंत भीषण हत्याकांडांपैकी एक मानला जातो. १८७२ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रिपब्लिकन पक्षाच्या बाजूच्या कृष्णवर्णीयांनी ग्रँट परगण्याच्या न्यायालयाच्या इमारतीचा ताबा घेतला होता. सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने तोफेसह तिच्यावर चाल केली, इमारतीला आग लावली, आणि शरण आलेल्यांपैकी अनेकांना कैदी अवस्थेत ठार केले. मृतांचा आकडा निश्चित नाही. अभ्यासकांचे अंदाज साधारण ६० ते १५० यांच्या दरम्यान आहेत. जी मोजकी माणसे दोषी ठरली, त्यांचीही दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये क्रुकशँक खटल्यात रद्द केली, आणि त्या निर्णयाने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना संघराज्याकडून मिळू शकणारे संरक्षण दीर्घकाळ निकालात काढले.

१९५० च्या सुमारास या जागी जो फलक लागला त्यावर मथळ्याखाली दोनच वाक्ये होती. या जागी कोलफॅक्सची दंगल झाली व तीत तीन गोरे पुरुष आणि १५० निग्रो मारले गेले, असे पहिले वाक्य. १३ एप्रिल १८७३ च्या या घटनेने दक्षिणेतील ‘कार्पेटबॅग’ गैरकारभाराचा अंत झाला, असे दुसरे. कार्पेटबॅग म्हणजे गालिच्याच्या कापडाची प्रवासी पिशवी. ती घेऊन उत्तरेकडून दक्षिणेत सत्तेसाठी आलेल्या माणसांना उद्देशून हा शब्द तुच्छतेने वापरला जाई.

या दोन वाक्यांची बांधणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ‘दंगल’ या शब्दात दोन बाजू समान होतात. चाल करून आलेले आणि वेढले गेलेले असा भेद त्यात उरत नाही. ‘मारले गेले’ या कर्मणी रूपात मारणारा नाहीसा होतो. संख्येचा क्रमही बोलका आहे: दीडशेंच्या आधी तीन. आणि तीन हे ‘पुरुष’ आहेत. दीडशे हे केवळ ‘निग्रो’ आहेत. पहिल्या वाक्यातील मृत्यू दुसऱ्या वाक्यात ‘घटना’ होतात आणि लगेच त्या घटनेला एक सुपरिणाम चिकटविला जातो. दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘सुदैवाने’ असा शब्द कोठेही नाही, तरी वाचकाच्या मनात तो उमटतो. शिवाय हा सुपरिणाम कालदृष्ट्याही खरा नाही. पुनर्रचना कालखंडाची समाप्ती १८७७ मध्ये झाली. मात्र ही चूक दुय्यम आहे. मुख्य गोष्ट ही की दीडशे माणसांचा मृत्यू सुराज्याची किंमत म्हणून मांडला गेला.

तळाच्या ओळीत हा फलक उभारणाऱ्या खात्याचे नाव होते: राज्याचे वाणिज्य व उद्योग खाते. कत्तलीची जागा ज्या खात्याने प्रवाशांना दाखविली त्याचे काम राज्यात व्यापार आणणे हे होते.

याच गावच्या दफनभूमीत १९२१ मध्ये उभारलेला एक स्तंभ आहे. त्या तीन गोऱ्यांची नावे त्यावर कोरलेली असून ते वीर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले, असे त्यात उघडपणे म्हटले आहे. नैतिकदृष्ट्या हा स्तंभ अधिक उग्र आहे, यात संशय नाही. परंतु संहिता म्हणून तो फलकापेक्षा प्रामाणिक आहे. आपण कोणाच्या बाजूने आणि कशासाठी बोलत आहोत हे तो लपवीत नाही. सरकारी फलकाने तेच मत घेतले, त्यातील ‘वर्चस्व’ हा शब्द काढला, ‘गैरकारभाराचा अंत’ हा शब्दप्रयोग घातला, आणि मताला माहितीचे रूप दिले. १९२१ ते १९५० या तीन दशकांत मत बदलले नाही, फक्त त्याची भाषा सभ्य झाली.

हा फलक १५ मे २०२१ रोजी हटविण्यात आला. १३ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे बरोबर दीडशे वर्षांनी, तेथे नवे ग्रॅनाइटचे स्मारक उभे राहिले आणि त्यावर ज्यांचा शोध लागू शकला अशा ५७ मृतांची नावे कोरण्यात आली. तीन नावांना १९२१ मध्ये दगड मिळाला. इतरांना नावे मिळण्यासाठी आणखी १०२ वर्षे लागली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने १८७३ या सालाला आणखी एक अर्थ आहे. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतील सदाचारी लोकांना उद्देशून होती. निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या निःस्वार्थ औदार्याचा तीत गौरव होता. पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली जात असताना लुइझियानात मुक्तीचा तो अर्थ पुसण्याचे काम सुरू झाले होते. यात फुल्यांच्या आकलनातील उणीव शोधणे अन्यायाचे होईल. त्यांनी ज्यांना अभिवादन केले ते गुलामगिरीविरुद्ध लढलेले लोक होते, आणि कोलफॅक्समध्ये मारले गेलेले लोक त्याच लढ्याचे वारसदार होते. मात्र मराठी प्रबोधनाच्या अभ्यासकाने ती अर्पणपत्रिका आणि तो फलक एकदा शेजारी ठेवून वाचावीत.

शब्द बदलतो तेव्हा

फलकाची भाषा संक्षिप्त असते म्हणून तो सत्य सांगू शकत नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे फलक तारेच्या भाषेत लिहिलेले असतात. त्यांत कित्येकदा कर्तापदही गाळलेले असते. विल्मिंग्टन शहरात १० नोव्हेंबर १८९८ रोजी सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या ‘डेली रेकॉर्ड’ या वृत्तपत्राची कचेरी जाळली, अनेकांना ठार केले आणि निवडून आलेली नगरसत्ता उलथवून टाकली. त्या वृत्तपत्राचे संपादक ॲलेक्स मॅनली यांच्या स्मरणार्थ १९९४ मध्ये लागलेल्या फलकात या प्रसंगाला ‘वंशदंगल’ म्हटले होते, तेही अवतरणचिन्हांत. ती अवतरणचिन्हे मोठी अर्थपूर्ण आहेत. शब्द चुकीचा आहे हे लिहिणाऱ्याला कळले आहे. दुसरा शब्द वापरण्याची तयारी अजून झालेली नाही. २०१९ मध्ये लागलेल्या नव्या फलकाच्या मथळ्यातच ‘सत्तापालट’ हा शब्द आला, ‘सशस्त्र गोरा जमाव’ हा कर्ता पहिल्याच वाक्यात आला, आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या राजकीय मोहिमेचाही उल्लेख झाला. हा फलकही मोजक्या ओळींचाच आहे. संक्षेप तोच राहिला; बदलला तो कर्ता.

मेम्फिस येथील उदाहरण याहून सूक्ष्म आहे. नेथन बेडफर्ड फॉरेस्ट हा दक्षिणी सैन्याचा सेनानी, कू क्लक्स क्लॅनचा पहिला प्रमुख म्हणूनही ओळखला जाणारा. त्याच्या घराच्या जागी १९५५ मध्ये लावलेल्या फलकात, मेम्फिसला आल्यावर व्यवसायाने त्याला धनवान केले, अशा आशयाचा मजकूर होता. यात असत्य काहीच नाही. व्यवसायाने तो धनवान झाला हे खरेच आहे. तो व्यवसाय माणसांच्या खरेदीविक्रीचा होता आणि त्याचा बाजार त्या घरालगतच भरत होता, एवढेच सांगितलेले नाही. एका सामान्यनामाने संपूर्ण गुलामबाजार झाकला. कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्च, ऱ्होड्स कॉलेज आणि राष्ट्रीय उद्यान सेवा यांनी मिळून ४ एप्रिल २०१८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, तेथे गुलामबाजाराची माहिती देणारा नवा फलक लावला. एका महाविद्यालयातील इतिहासाचे अध्यापक व विद्यार्थी यांचा या संशोधनात वाटा होता, ही गोष्ट अध्यापकवर्गाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

याउलट आयडाहोतील आल्मो येथील शिळेचे उदाहरण ढोबळ म्हणावे लागेल. १८६१ मध्ये येथे इंडियनांनी पश्चिमेकडे निघालेल्या ३०० स्थलांतरितांची कत्तल केली व केवळ पाच जण वाचले, असे १९३८ मध्ये उभारलेल्या या शिळेवर कोरले आहे. शिळेला आयडाहो राज्याच्या नकाशाचा आकार दिलेला आहे. इतिहासकार ब्रिगहॅम मॅडसेन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की तत्कालीन वृत्तपत्रांत किंवा सरकारी कागदपत्रांत अशा घटनेचा मागमूस नाही. दगडाला मात्र पुराव्याची गरज भासत नाही. न्यूयॉर्कमधील विल्यम पोमरॉय प्रतिष्ठान लोककथांसाठी वेगळी फलकमालिका चालविते, आणि दंतकथेला दंतकथा म्हणून जागा देणारी ही पद्धत अधिक सचोटीची वाटते.

पुसणारे हात

फलकाचा इतिहास तो उभारल्यावर संपत नाही. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची २८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपीत हत्या झाली. त्याचा मृतदेह टॅलाहॅची नदीतून बाहेर काढण्यात आला ती जागा म्हणून मानल्या जाणाऱ्या ग्रॅबॉल लँडिंग येथे २००८ मध्ये फलक लागला. तो उपटून नदीत टाकण्यात आला. दुसऱ्या फलकाला २०१६ पर्यंत गोळ्यांची ३१७ छिद्रे पडली. तिसरा जून २०१८ मध्ये उभा राहिला आणि ३५ दिवसांत त्यावरही गोळीबार झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये लागलेला चौथा फलक गोळी न भेदणारा असून त्याचे वजन ५०० पौंडांहून अधिक आहे. २०२३ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाली.

वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतात वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो असे सांगितले जाते. येथे वाचकाने बंदुकीने लिहिले आहे. आणि त्याने लिहिलेले वगळून आता मूळ मजकूर वाचता येत नाही. म्हणूनच छिद्रे पडलेल्या फलकांपैकी एक स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०२१ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तो १९५५ चा पुरावा राहिला नव्हता, तर एकविसाव्या शतकाचा पुरावा झाला होता. फलकाची तळाची ओळ जणू पुन्हा लिहिली गेली.

बंदुकीपेक्षा शांत असा दुसरा मार्ग कार्यालयीन असतो. अलाबामातील माँटगोमेरी येथे गुलामबाजारासंबंधी फलक लावण्याचा प्रस्ताव इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने मांडला तेव्हा राज्याच्या अभिलेखागाराने वाद होण्याची शक्यता पुढे करून पुरस्कर्ता होण्याचे नाकारले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये अन्य संस्थेच्या सहकार्याने ते तीन फलक उभे राहिले. विरुद्ध दिशेचे उदाहरण पेनसिल्व्हेनियाचे आहे. ब्रिन मॉर कॉलेजच्या अध्यक्षांनी आपल्या आवाराजवळचा वुड्रो विल्सन यांचा फलक काढण्याची मागणी केली. पुढे अध्यक्ष झालेल्या विल्सन यांनी १८८५ ते १८८८ या काळात तेथे अध्यापन केले होते; परंतु स्त्रियांच्या बुद्धिमत्तेविषयीची त्यांची अनुदार मते आणि सरकारी नोकऱ्यांतील वर्णविभाजनाचे त्यांचे धोरण कॉलेजला खुपत होते. फलक निघाला, आणि राज्याच्या आयोगाने आपल्या सुमारे २,५०० फलकांची फेरतपासणी केली. अशी तपासणी स्वागतार्हच. परंतु विल्सन यांचा फलक काढण्याऐवजी त्यात दोन वाक्यांची भर घातली असती तर वाचकाला अधिक मिळाले असते. निघालेला फलक चूकही सांगत नाही आणि चुकीची दुरुस्तीही सांगत नाही.

न्यू हॅम्पशायरच्या काँकर्ड शहरात १ मे २०२३ रोजी एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांच्या जन्मस्थानाजवळ फलक लागला. १८९० मध्ये जन्मलेल्या फ्लिन कामगार चळवळीच्या नेत्या, नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेच्या एक संस्थापक आणि उत्तरायुष्यात अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्ष होत्या. शेवटची गोष्ट फलकावर लपविलेली नव्हती. तरीही रिपब्लिकन पदाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि १५ मे रोजी राज्यानेच तो काढून नेला. कोलफॅक्सचा फलक सत्तर वर्षे उभा होता. हा दोन आठवडे. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशान्वये संघराज्याच्या अखत्यारीतील स्मारके व फलक यांत २०२० नंतर झालेल्या बदलांची तपासणी करण्यास सांगण्यात आले. राज्यांचे रस्त्याकडेचे फलक त्या आदेशाच्या कक्षेत थेट येत नाहीत, परंतु तळाच्या ओळीचा मालक बदलला की वरचा मजकूर बदलतो, हे त्यातूनही दिसले. फ्लिन यांच्या फलकासाठी प्रयत्न करणाऱ्या नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली होती. अशी मागणी करण्याचा कायदेशीर अधिकारच त्यांना पोहोचत नाही, असे कारण देऊन न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांचा दावा फेटाळला.